नेट रेट म्हणजे नेटवरचा रेट नव्हे!

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही" असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठीत मार्क किती पडायचे ते इथे छापण्यासारखं नाही! पण सेकंड इयरला असताना एका आंतरराष्ट्रीय ट्रॅव्हल ट्रेड शोमध्ये मी तीन दिवस काढले. ती गोष्ट हॉस्टेलवर इतक्या वेळा सांगून झालीय की शेवटी रूममेट म्हणाली, "एकदाची लिहून टाक, म्हणजे आमची सुटका होईल." तेव्हा मित्रांनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

माझ्या आत्याचं मालवण तालुक्यात, तारकर्लीजवळ, सहा खोल्यांचं होमस्टे आहे. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. इतर वेळी मात्र मंगळवारी-बुधवारी अंगणात फक्त मांजर! खोल्या बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र मंगळवार-बुधवार बघत नाही. म्हणून आत्याने आणि गावातल्या आणखी तीन होमस्टेवाल्यांनी मिळून मुंबईच्या ओटीएममध्ये एक छोटा स्टॉल घेतला. ओटीएम म्हणजे आउटबाउंड ट्रॅव्हल मार्ट. आत्याच्या वाट्याचे पैसे तिने भिशीतून उचलले होते. मग तिचा फोन आला, "तुका इंग्लिश येता मां? मग चल."

जानेवारी २०२५ची ३० तारीख. आत्या कोकणकन्येने आली, मी हॉस्टेलवरून गेले. वांद्रे-कुर्ला संकुलातलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर बाहेरूनच बघून आत्याने पदर सारखा केला. आमच्याकडे होती एक कापडी पिशवी, तिच्यात छापलेली रेट कार्डं, फोटोंचा अल्बम आणि तीन किलो मालवणी खाजं.

हे "प्रदर्शन" नव्हे

माझी पहिली समजूत अशी होती की ट्रॅव्हलचं प्रदर्शन म्हणजे लोक कुटुंबासह येणार, सवलतीत टूर बुक करणार आणि आपण फुकट पेनं गोळा करायची. तसं काही नव्हतं. आत येणारा माणूस स्वतः फिरायला जाणारा नसतो. तो दुसऱ्यांना फिरायला पाठवणारा असतो. मांडव लावून बसलेले ते सेलर, म्हणजे हॉटेलं, विमान कंपन्या, राज्यांची आणि देशांची पर्यटन खाती. फिरत असतात ते बायर, म्हणजे ट्रॅव्हल एजंट आणि टूर ऑपरेटर. काही बायर तर होस्टेड असतात. त्यांचा येण्या-राहण्याचा खर्च आयोजक करतात आणि त्या बदल्यात त्यांनी ठरलेल्या इतक्या भेटी घ्यायच्याच. म्हणजे अटेंडन्स कंपल्सरी!

सोप्या भाषेत सांगायचं तर ही मंडई आहे. आपले मेसवाले काका पहाटे मार्केट यार्डात जाऊन पोत्याने कांदे आणतात, तसा हा पोत्याचा बाजार. आपण ताटात एक कांदा मागतो तो किरकोळ. इथे पोत्यात कांद्याऐवजी खोल्या, विमानातल्या सीट आणि बसगाड्या भरलेल्या असतात, एवढाच फरक.

हा बाजार नवा नाही. १९६६ साली बर्लिनमध्ये आयटीबी नावाचा मेळा सुरू झाला तेव्हा तिथे पाच देशांचे फक्त ९ प्रदर्शक होते. तोच पुढे या धंद्यातला जगातला सर्वांत मोठ्या मेळ्यांपैकी एक झाला. २००७ साली आपला भारत तिथे भागीदार देश होता. लंडनचा वर्ल्ड ट्रॅव्हल मार्केट १९८०चा, दुबईचा अरेबियन ट्रॅव्हल मार्केट १९९४चा. मुंबईच्या ओटीएमच्या नावातच आउटबाउंड आहे, म्हणजे इथून परदेशी जाणारा प्रवासी. पण देशातल्या देशात फिरवणारे एजंटही तिथे पुष्कळ असतात, आणि आम्हाला हवे होते तेच.

माझी फजिती क्रमांक एक

पहिल्या दिवशी साडेअकराच्या सुमारास एक सद्गृहस्थ आमच्या टेबलाशी आले. त्यांनी रेट कार्ड उचललं, ३,००० रुपयांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा नेट रेट आहे का?"

मी उत्साहाने म्हटलं, "हो सर, नेटवर हाच रेट आहे!"

ते माझ्याकडे बघून हसले, एक खाज्याचा तुकडा उचलला आणि निघून गेले. शेजारच्या टेबलावरचे एक काका गेली कित्येक वर्षं या धंद्यात होते. त्यांना माझी दया आली. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाच मिनिटांत जे शिकवलं ते असं.

रॅक रेट म्हणजे सरळ चालत आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा भाव. नेट रेट म्हणजे एजंटने आपल्या हातात ठेवायची रक्कम. त्यावर तो स्वतःचा नफा चढवून गिऱ्हाइकाला विकतो. आमची खोली वेबसाइटवर ३,००० ला असेल आणि एजंटलाही आम्ही ३,०००च सांगितले, तर तो बिचारा खाणार काय? त्याला २,४०० ला दिली तर तो ३,००० ला विकेल आणि ६०० त्याचे.

मी लगेच म्हटलं, "पण काका, फुकट ६०० का द्यायचे?"

काकांनी उलट विचारलं, "बुकिंगच्या वेबसाइटला किती टक्के देता?" आमच्या बाबतीत १८. म्हणजे ३,००० वर ५४० रुपये. तिथे कुणी कुरकुर करत नाही, कारण ते आपोआप कापले जातात! एजंटला त्यापेक्षा ६० रुपये जास्त द्यायचे ते कशासाठी, तर मंगळवार-बुधवारासाठी. वेबसाइटवरचा माणूस शनिवार-रविवार बघून येतो. एजंट मात्र निवृत्त लोकांचा ग्रुप, कॉलेजची ट्रिप, ऑफिसची मंडळी घेऊन आडवारी येऊ शकतो.

रात्र नासते

त्या दुपारी मी रेट कार्डाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. सहा खोल्या गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला २,१९० रात्री. त्यातल्या आमच्या साधारण ८०० भरतात. उरलेल्या १,३९० रात्री गेल्या कुठे?

हे आत्याला दाखवलं तर ती अजिबात चकित झाली नाही. म्हणाली, "बांगडो सकाळचो तो सकाळचो. सांजेक तेचो भाव कोण इचारता?"

मला वाटतं, या सगळ्या धंद्याचं सूत्र त्या एका वाक्यात आहे. साबण आज खपला नाही तर उद्या खपतो. खोलीचं तसं नाही. आजची रात्र आज विकली गेली नाही तर ती कायमची गेली, तिला गोदामात ठेवता येत नाही. विमानातल्या रिकाम्या सीटचंही तेच. म्हणून जगभरातले लोक सूटबूट घालून वर्षातून एकदा जमतात आणि अजून न उजाडलेल्या रात्री आगाऊ विकतात. भिंतीवरच्या बर्फाच्या आणि समुद्राच्या पोस्टरखाली प्रत्यक्षात सौदा चालतो तो तारखांचा.

समजा, नाहीतरी वाया जाणाऱ्या त्या रात्रींपैकी फक्त २०० रात्री २,४०० ने गेल्या. जेवण, चादरी, वीज धरून खोलीमागे ९०० रुपये खर्च आला तरी १,५०० उरतात. २०० गुणिले १,५०० म्हणजे ३ लाख रुपये. कर्जाचे बरेच हप्ते त्यात बसतात. आता कळलं ना, ६०० रुपये फुकट का जात नाहीत?

काही शब्द, व्हायवासाठी उपयोगी

पहिल्या दिवसभरात कानावर पडलेले आणि मी चुकीचे समजलेले शब्द इथे देते. तुमच्यापैकी कुणी पुढेमागे असा मेळा पाहायला गेलं तर माझ्यासारखं हसं होऊ नये.

डीएमसी म्हणजे ज्या गावी पाहुणे जाणार तिथली व्यवस्था बघणारी स्थानिक कंपनी. गाडी, गाइड, हॉटेल, बोट, सगळं तिच्याकडे. दूरच्या शहरातला एजंट प्रत्येक होमस्टेला फोन करत बसत नाही, तो डीएमसीला एक फोन करतो.

एफआयटी म्हणजे स्वतंत्रपणे येणारे एकटेदुकटे प्रवासी किंवा एखादं कुटुंब. गटाने येणारे ते ग्रुप. दोघांचे भाव वेगळे असतात.

फॅम ट्रिप. मला वाटलं फॅमिली ट्रिप! ती असते एजंटला जागेची ओळख व्हावी म्हणून काढलेली सहल. त्याने स्वतः खोली पाहिली, गादीवर झोपला, माशांचं जेवण जेवला, तरच तो दुसऱ्याला छातीठोकपणे सांगणार.

अलॉटमेंट म्हणजे एजंटसाठी बाजूला काढून ठेवलेल्या खोल्या. आणि रिलीज पिरियड म्हणजे... इथे माझी फजिती क्रमांक दोन सुरू होते.

फजिती क्रमांक दोन, आणि ती हसण्यासारखी नाही

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या जेवायला गेली होती. नाशिकचे एक एजंट आले. अगदी सभ्य. त्यांनी फोटो पाहिले, किनारा किती लांब, जेवण शाकाहारी मिळेल का, जिने आहेत का, असं सगळं नीट विचारलं. मी सकाळपासून तयारीत होतेच. नेट रेट २,४००, फाडफाड सांगितला. ते म्हणाले, "डिसेंबरमध्ये २५ ते ३१, सात रात्री, सगळ्या सहा खोल्या माझ्यासाठी ठेवाल? ह्याच रेटने?"

एका झटक्यात ४२ रात्री! मी हो म्हटलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं, मीही माझ्या वहीत लिहिलं आणि हात मिळवला. आत्या आली तेव्हा मी पहिला नंबर आल्यासारखी तिच्यासमोर वही नाचवली.

आत्या वही बघून खालीच बसली.

नाताळचा आठवडा म्हणजे आमचं वर्ष. त्या दिवसांत आमची खोली ४,५०० ला जाते आणि तीन महिने आधीपासून लोक नंबर लावतात. ४२ रात्री गुणिले ४,५०० म्हणजे १,८९,०००. मी त्या १,००,८०० ला देऊन बसले होते. तोटा ८८,२००. पण शेजारचे काका म्हणाले, खरी चूक ती नाहीच. "रिलीजची तारीख घेतली का?" मी घेतली नव्हती. म्हणजे त्या एजंटने २० डिसेंबरला फोन करून "ग्रुप झाला नाही" असं सांगितलं असतं, तर सहाच्या सहा खोल्या आमच्या गळ्यात आणि नवं गिऱ्हाईक शोधायला पाच दिवस. बाजूला ठेवलेली खोली अमुक तारखेपर्यंत नावानिशी बुक झाली नाही तर ती आपोआप मालकाकडे परत येते, त्या मुदतीला रिलीज पिरियड म्हणतात. ती न ठरवता दिलेली अलॉटमेंट म्हणजे सही करून दिलेला कोरा चेक.

त्या रात्री आम्ही दूरच्या एका नातेवाइकांकडे उतरलो होतो. मला झोप आली नाही. मी म्हटलं, "आत्या, नुसतं तोंडीच बोललोय. नाही म्हणून सांगूया फोनवर." आत्या म्हणाली, "गप रव गो. शब्द दिलंस मां? मग तोंडावर जाऊन सांगूक व्हया."

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये शिरल्याबरोबर आत्याने त्या एजंटना शोधून काढलं. मी मागे, मान खाली. आत्या शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब, काल माझ्या भाचीने तुम्हाला शब्द दिला. ती लहान आहे, तिला सीझनचा भाव माहीत नव्हता. चूक आमची. ह्या भावात मी त्या तारखा दिल्या तर माझं नुकसान होईल, आणि मग मी तुमच्या पाहुण्यांना आनंदाने जेवू घालू शकणार नाही. मला काय जमेल ते सांगू?"

मला वाटलं आता हे गृहस्थ भडकणार. ते हसले आणि म्हणाले, "बसा ताई. मला कालच शंका आली होती." (तरीही डायरीत लिहून घेतलं होतं बरं का! धंदा तो धंदा.) पंधरा मिनिटांत ठरलं ते असं: नाताळात दोनच खोल्या, सीझनच्या भावात दहा टक्के कमी, रिलीज ४५ दिवस आधी. आणि नोव्हेंबर-जानेवारीत सोमवार ते गुरुवार चार खोल्या, २,४०० ने. आत्याने सगळं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. वही मात्र या वेळी माझ्या हातात नव्हती.

मग इंटरनेट कशाला आहे?

आपण इंजिनीअर मंडळी लगेच विचारतो, की हे सगळं ऑनलाइन का नाही होत? एक पोर्टल बनवा, बायर-सेलर जोडा, झालं. मीही हेच म्हणत होते.

तर हा प्रयोग जगाने नाइलाजाने करून पाहिलेला आहे. २०२० साली कोरोनामुळे बर्लिनचा आयटीबी सुरू व्हायला जेमतेम काही दिवस उरले असताना रद्द झाला. २०२१ आणि २०२२ला तो ऑनलाइन झाला. स्क्रीन होत्या, चॅट होतं, सगळं होतं. पण २०२३ला दारं उघडल्याबरोबर लोक पुन्हा विमानं पकडून बर्लिनला गेले. कारण इथे माल दाखवता येत नाही. जी रात्र अजून यायची आहे ती दाखवणार कशी? दाखवता येतो तो फक्त माणूस. आत्याने समोर बसून "चूक आमची" म्हटलं, ते ईमेलवर लिहिलं असतं तर त्या गृहस्थांनी दुसरं होमस्टे शोधलं असतं, असं मला आज तरी वाटतं.

त्याच दिवशी, म्हणजे १ फेब्रुवारीला, केंद्रीय अर्थसंकल्प होता. सगळे मोबाइलला चिकटलेले. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही असं जाहीर झालं. परदेशी पाठवायच्या रकमेवर टीसीएस कापण्याची मर्यादाही ७ लाखांवरून १० लाख झाली. ती एका वाक्याची बातमी ऐकून परदेशी टूरवाले एकमेकांना टाळ्या देताना मी पाहिले. दिल्लीत एक आकडा बदलला की कुणाची युरोप ट्रिप नक्की होते आणि कुणाची पुढे ढकलली जाते, हे मला कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

शेवटी काय मिळालं?

तीन दिवसांत आमच्याकडे ४१ व्हिजिटिंग कार्डं जमली. काकांच्या सल्ल्यावरून मी प्रत्येक कार्डाच्या मागे लिहून ठेवलं होतं: कुठले, कसले ग्रुप नेतात, काय विचारलं. हे फार महत्त्वाचं. नाहीतर घरी आल्यावर ४१ कार्डं म्हणजे ४१ अनोळखी माणसं! हॉस्टेलवर परतल्यावर आठवड्याच्या आत मी सगळ्यांना ईमेल केले. प्रत्येकाला वेगळं, त्याने जे विचारलं होतं त्याच्या उत्तरासह. तेरा जणांची उत्तरं आली, त्यातल्या तिघांनी प्रत्यक्ष माणसं पाठवली. सिग्नल कमी, नॉइज जास्त. पण आपल्या ब्रँचला त्याची सवय आहे!

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात आमच्या मालवणचा सिंधुदुर्गही आहे. तेव्हा जुन्या कार्डांतल्या दोघांचे फोन आपणहून आले. बाजारात एकदा नाव नोंदवून ठेवलेलं असं कधीतरी उपयोगी पडतं.

नाशिकची मंडळी नोव्हेंबरमध्ये आली. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. सोमवारी आले, गुरुवारी गेले, आणि त्या चार दिवसांत मांजराला अंगणात जागा मिळाली नाही. १० नोव्हेंबरला, म्हणजे नाताळच्या बरोबर ४५ दिवस आधी, एजंट साहेबांचा फोन आला की दोनपैकी एक खोली परत करतोय. दोन दिवसांत ती खोली पूर्ण ४,५०० ला गेली. आत्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. पुढे काही बोलली नाही, पण फोन ठेवताना हसत होती.

भिशीचे पैसे फिटले. कर्ज अजून आहे. २,१९० रात्रींपैकी कित्येक आजही नासतातच. एका मेळ्याने आयुष्य बदलतं असं मी म्हणणार नाही. पण मंगळवारी फोन केला की मागून आता ताटांचा आवाज येतो.

आणि हो, आपल्यापैकी बरेच जण उद्या नोकरीत किंवा स्वतःच्या धंद्यात कुठल्या ना कुठल्या ट्रेड शोमध्ये उभे राहतील. मशीन टूल्सचा असो, सॉफ्टवेअरचा असो. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा: भाव कुणासाठीचा ते आधी समजून घ्या, तारीख लिहून घ्या, आणि जिथे आपला अधिकार नाही तिथे "विचारून सांगते" म्हणायला लाजू नका. मी ते दोन शब्द म्हणाले असते तर त्या रात्री मला झोप लागली असती.

खाजं मात्र दुसऱ्याच दिवशी संपलं होतं. पुढच्या वेळी पाच किलो न्यायचं ठरलंय.